देवापुढचे गाऱ्हाणे

दरवर्षी उत्तम शुक्रवारी महाराष्ट्रातील अनेक चर्चमध्ये येशू ख्रिस्ताच्या वधस्तंभावरील सात उद्गारांवर प्रवचने होतात. त्या सातांपैकी चौथा उद्गार हा एक प्रश्न आहे. देवाने आपला त्याग का केला, असे मरणाच्या दारातील येशू मोठ्याने विचारतो. आणि मत्तय व मार्क यांच्या शुभवर्तमानांत त्या घटकेला स्वर्गातून उत्तर आल्याची नोंद नाही. उपासक माना खाली घालून हा उद्गार ऐकतात, त्यावर चिंतन करतात, कित्येकांचे डोळे पाणावतात. परंतु हाच प्रश्न त्याच चर्चमधील एखाद्या मातेने आपले मूल गेल्यानंतर विचारला, तर तिच्या वाट्याला पुष्कळदा निराळी वागणूक येते. विश्वास कमी पडला असेल, प्रार्थनेत खंड पडला असेल, एखादे पाप मनात दडवून ठेवले असेल, असे कुणीतरी हलक्या आवाजात तिला सुचवते. प्रभूच्या मुखी जो उद्गार पवित्र, तोच भक्ताच्या मुखी अविश्वास ठरावा, हा विसंवाद दुर्लक्ष करण्याजोगा नाही.

ज्याची प्रार्थना फळली नाही, त्या श्रद्धावंताला दोन ओझी वाहावी लागतात. पहिले दुःखाचे आणि दुसरे दोषाचे. पहिले ओझे उतरवणे माणसाच्या हाती नेहमी असतेच असे नाही. दुसरे मात्र माणसांनीच माणसाच्या डोक्यावर ठेवलेले असते आणि माणसांनीच ते उतरवावयास हवे. पवित्र शास्त्राचा आधार देऊन हे दुसरे ओझे लादले जाते, म्हणून ते शास्त्र खरोखर काय सांगते हे तपासणे अगत्याचे ठरते.

हा प्रश्न मूठभरांचा आहे, असे कोणी म्हणेल. २०११च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात ख्रिस्ती लोकसंख्या १० लाख ८० हजारांच्या घरात, म्हणजे शेकडा एकाहूनही किंचित कमी होती. रत्नागिरी जिल्ह्यात तर हा समाज अत्यल्पच आहे. परंतु या जिल्ह्याचा आणि ख्रिस्ती शास्त्राचा संबंध जुना आहे. स्कॉटिश मिशनरी सोसायटीच्या धर्मोपदेशकांनी १८२३ साली आपल्या मराठी मुलखातील कार्याचा आरंभ बाणकोटला केला. त्यांचे दुसरे ठाणे हर्णैला होते. मुंबईत त्यांचा जम बसला तो त्यानंतर. मराठी ख्रिस्ती कवितेचे अध्वर्यू रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचा जन्म १८६१ साली याच जिल्ह्यातील करजगावी झाला. शिवाय देवापाशी मागणे मागून रिकाम्या हाताने परतण्याचा अनुभव कोणत्या धर्माच्या माणसाला नाही? नवस फेडण्याची संधीच न मिळालेली घरे कोकणात गावोगाव आहेत. ख्रिस्ती श्रद्धावंताच्या अडचणीचा विचार करताना इतरांनाही स्वतःच्या देवघराकडे पाहावे लागेल.

या अडचणीचे मूळ शास्त्रवचनातच आहे, हे प्रथम मान्य करावयास हवे. मत्तयाच्या शुभवर्तमानातील डोंगरावरील प्रवचनात मागणाऱ्याला मिळेल, ठोठावणाऱ्यासाठी दार उघडले जाईल, असे निःसंदिग्ध आश्वासन आहे. दुसऱ्या एका ठिकाणी मोहरीएवढ्या विश्वासाने डोंगर हलेल असे म्हटले आहे. ही वचने लहानपणापासून पाठ केलेला मनुष्य रुग्णालयाच्या ओसरीत रात्रभर प्रार्थना करतो आणि पहाटे त्याचे माणूस जाते, तेव्हा त्याच्यापुढे दोनच वाटा उरल्यासारखे त्याला वाटते. एक तर वचन खोटे, नाही तर आपला विश्वास खोटा. वचन खोटे म्हणण्याचे धैर्य त्याला होत नाही. म्हणून तो स्वतःलाच खोटे ठरवितो. बाहेरून तो शांत दिसतो, रविवारी उपासनेला जातो, ओळखीची गीते गातो. आतून मात्र त्याने आपल्याविरुद्ध निकाल देऊन टाकलेला असतो.

परंतु तेच शुभवर्तमान थोडे पुढे वाचले, तर तिसरी वाट दिसते. गेथशेमाने बागेत येशूने स्वतः एक मागणे मागितले. दुःखाचा प्याला शक्य असल्यास आपल्यापुढून दूर व्हावा, अशी विनंती त्याने त्या रात्री तीन वेळा केली. प्याला दूर झाला नाही. पौलाच्या शरीरात एक काटा होता. तो निघावा म्हणून त्यानेही तीन वेळा विनवणी केली. काटा निघाला नाही. कृपा पुरेशी आहे एवढेच त्याला कळले. येशूच्या आणि पौलाच्या विश्वासात उणीव होती असे कोणताही ख्रिस्ती धर्मोपदेशक म्हणणार नाही. मग मागितलेले मिळाले नाही यावरून मागणाऱ्याच्या विश्वासाचे माप काढण्याचा अधिकार त्याला कोठून मिळाला?

जुन्या कराराची साक्ष तर याहून बोलकी आहे. स्तोत्रसंहितेत दीडशे स्तोत्रे आहेत. त्यांतील सुमारे एक तृतीयांश विलापाची आहेत, असे अभ्यासक मानतात. देव झोपला आहे काय, तो किती काळ तोंड लपविणार, असे प्रश्न त्यांत उघडपणे विचारलेले आहेत. बहुतेक विलाप शेवटी आशेकडे वळतात. अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र मात्र अंधारातच संपते. ज्यांनी हा संग्रह सिद्ध केला, त्यांनी ते स्तोत्र गाळले नाही आणि त्याला गोड शेवटही जोडला नाही. वधस्तंभावरील तो चौथा उद्गारसुद्धा बाविसाव्या स्तोत्राचा आरंभ आहे. म्हणजे येशूने आपल्या अखेरच्या वेदनेसाठी शब्द घेतले ते उपासनेच्या ग्रंथातूनच. उत्पत्तीच्या पुस्तकात याकोब रात्रभर एका अज्ञात पुरुषाशी झुंजतो, मांडीचा सांधा निखळला तरी सोडीत नाही, आणि पहाटे त्याला इस्राएल हे नाव मिळते. देवाशी झगडणारा, असा त्या नावाचा अर्थ तेथेच दिलेला आहे. एका सबंध लोकसमूहाने अभिमानाने वागविलेले नाव झगड्यातून आलेले आहे, हे विसरून कसे चालेल?

दुःखितावर दोष ठेवण्याच्या सवयीला तर शुभवर्तमानांनी स्पष्ट शब्दांत मनाई केली आहे. जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनी विचारले, पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे? येशूने दोन्ही पर्याय नाकारले. शिलोहातील बुरूज कोसळून अठरा माणसे मेली होती. ती इतरांहून अधिक पापी होती काय, असा प्रश्न येशूने स्वतः उपस्थित केला आणि नाही असे त्याचे उत्तरही दिले. रत्नागिरी जिल्ह्याला या बुरुजाचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही. २ जुलै २०१९च्या रात्री चिपळूण तालुक्यातील तिवरे धरण फुटले आणि झोपेतल्या वाडीवर पाण्याचा लोंढा आला. घरे गेली, माणसे वाहून गेली. त्या रात्री मेलेल्यांनी देवाचे कमी केले होते आणि वाचलेल्यांनी अधिक, असे म्हणण्यास कोणाची जीभ धजावली असती? तेथे विचारावयाचा प्रश्न एकच होता, तो म्हणजे धरणाची गळती वेळीच का थांबविली गेली नाही. धरणाच्या बाबतीत जे तारतम्य सहज सुचते, ते रुग्णशय्येच्या बाबतीत सुटू नये.

मराठी ख्रिस्ती परंपरेत या झगड्याची ठळक उदाहरणे आहेत आणि त्यांत पहिले स्थान पंडिता रमाबाईंचे आहे. १८५८ साली जन्मलेल्या रमाबाईंचे कुटुंब तीर्थयात्रा आणि पुराणकथन यांवर जगणारे होते. १८७०च्या दशकातील दुष्काळात या कुटुंबाने शास्त्रात सांगितलेले सर्व उपाय केले. व्रते केली, दाने दिली, तीर्थस्नाने केली, देवळांतून दिवसचे दिवस देवाची आळवणी केली. जवळचा पैसा संपला. थोड्याच काळात वडील अनंतशास्त्री, आई आणि थोरली बहीण एकामागून एक गेली. पुढे आपल्या साक्षीत रमाबाईंनी हा प्रसंग कोणताही आडपडदा न ठेवता सांगितला आहे. फळ न मिळालेल्या प्रार्थनेचा असा कठोर धडा ज्या मुलीला कोवळ्या वयात मिळाला, ती पुढे कोणत्याही धर्माची अनुयायी झाली नसती तरी तिला कोणी दोष दिला नसता.

रमाबाईंनी २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमध्ये वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला, हे सर्वश्रुत आहे. त्यानंतर काय घडले, याकडे मात्र पुरेसे लक्ष गेलेले नाही. धर्म बदलल्याने त्यांचे प्रश्न संपले नाहीत. त्रैक्याचा सिद्धान्त, येशूचा अलौकिक जन्म, चर्चचा अधिकार या विषयांवर त्यांनी सिस्टर जेराल्डिन आणि इतरांशी पत्रांतून वाद केला. महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने १९७७ साली प्रसिद्ध केलेल्या पत्रसंग्रहात तो वाचावयास मिळतो. एका पुरोहितवर्गाचे जोखड फेकून दिल्यावर दुसऱ्याचे मानेवर घेण्याची आपली तयारी नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. त्यांच्या आश्रयदात्यांना हा अहंकार वाटला. वस्तुतः ज्या स्त्रीने उपासमारीत एका शास्त्राची कसोटी पाहिली होती, तिने दुसरे शास्त्र कसोटीवाचून स्वीकारावे ही अपेक्षाच चुकीची होती. वैद्यक शिकण्याची त्यांची इच्छाही वाढत्या बहिरेपणामुळे अपुरी राहिली. तेव्हा अनुत्तरित मागण्यांची यादी बाप्तिस्म्यानंतरही वाढतच गेली, हे लक्षात घ्यावे.

या झगड्याची परिणती काय झाली? रमाबाईंनी शास्त्र मिटून ठेवले नाही. त्यांनी हिब्रू आणि ग्रीक भाषांचा अभ्यास केला आणि आयुष्याची अखेरची अनेक वर्षे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये बायबलचे मुळावरून मराठी भाषांतर करण्यात घालविली. दुष्काळातून वाचविलेल्या, जेमतेम अक्षरओळख झालेल्या मुलींना कळेल अशी भाषा त्यांना हवी होती. २४ जुलै १९२१ रोजी त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा चाळिसाव्या वर्षी निवर्तली. मुक्तीची धुरा जिने पुढे वाहावयाची, तीच आधी गेली. ज्या संस्थेत प्रार्थना हा दिनक्रमाचा कणा होता, तेथे मनोरमेसाठी प्रार्थना झाल्याच असतील. आईचा विश्वास कमी पडला, असे कोण म्हणेल? पुढे नऊ महिन्यांच्या आतच, ५ एप्रिल १९२२ रोजी, रमाबाईही गेल्या. त्यांचे भाषांतर संपूर्ण स्वरूपात प्रसिद्ध झाले ते त्यांच्यामागे, १९२४ साली.

करजगावच्या टिळकांची वाट निराळी होती. १८९३ साली आगगाडीच्या प्रवासात एका अपरिचित गोऱ्या सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला. टिळक तो वाचीत गेले, डोंगरावरील प्रवचनापाशी थबकले, आणि दीर्घ मनोमंथनानंतर १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. परंतु त्यांनी आपले मराठी मन त्या पाण्यात बुडविले नाही. आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असे ते सांगत. हा पूल केवळ अभंगाच्या छंदाचा नाही, तो देवाशी भांडण्याच्या हक्काचाही आहे. ज्या तुकारामांनी दुष्काळात बायको आणि मूल गमावले, ज्यांनी वह्या इंद्रायणीत बुडविल्या गेल्यावर नदीकाठी तेरा दिवस धरणे धरल्याची कथा वारकरी आजही सांगतात, त्यांची भक्ती तक्रारीतून तावूनसुलाखून निघालेली होती. नामदेव रुसतात, जनाबाई विठ्ठलाला खरीखोटी सुनावते; म्हणून त्यांना कोणी अभक्त म्हणत नाही. कोकणात तर ग्रामदेवतेपुढे गाऱ्हाणे घालणे हा पूजेचाच एक भाग आहे. देव ऐकेल असा विश्वास असल्यावाचून कोणी गाऱ्हाणे घालीत नाही. टिळकांनी १९१७ साली, बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांसाठी देवाचा दरबार स्थापन केला. दरबार म्हटला की फिर्याद आलीच.

लक्ष्मीबाई टिळकांच्या वाट्याला आलेले दुःख पतीच्या धर्मांतरातूनच उपजले. सोवळ्याओवळ्याच्या घरात वाढलेल्या या बाईने पती परत यावा म्हणून आपल्या देवांपाशी काय काय मागितले असेल, याची कल्पना करता येते. ते मागणे फळास आले नाही. पाच वर्षांनी, १९०० साली, त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला. पण तो पतीच्या आज्ञेने नव्हे. जात देवाने केली की माणसाने, हा प्रश्न त्यांनी स्वतःशीच सोडविला आणि मग पुढचे पाऊल टाकले. त्यांच्या ‘स्मृतिचित्रे’ या ग्रंथात दुःखाचे प्रसंग पुष्कळ आहेत. कोठेही दुःखावर धर्माचा मुलामा चढविलेला नाही. हसू आले तेथे त्या हसल्या आहेत, राग आला तेथे रागावल्या आहेत. टिळकांच्या पश्चात अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ याच बाईंनी पुरे केले, हे पाहिले म्हणजे सरळ बोलणे आणि श्रद्धा यांत वैर नाही याची खात्री पटते.

हा अनुभव मराठी मुलखापुरता नाही. कोलकात्याच्या मदर तेरेसा १९९७ साली निवर्तल्या. २००७ साली त्यांची खासगी पत्रे प्रसिद्ध झाली, तेव्हा जग चकित झाले. मरणोन्मुखांची सेवा करणाऱ्या या जोगिणीला जवळजवळ पन्नास वर्षे देवाच्या सान्निध्याचा प्रत्ययच येत नव्हता. प्रार्थना करताना समोर पोकळी आहे असे तिला वाटे. ती पत्रे नष्ट व्हावीत अशी तिची इच्छा होती. त्यांच्या प्रकाशनानंतर, २०१६ साली, रोमने तिला संतपद दिले. संतपद मिळालेल्या स्त्रीला जी पोकळी अर्धशतक सोसावी लागली, ती एखाद्या शिक्षकाला किंवा कारकुनाला चार महिने जाणवली तर त्याची श्रद्धा संपली असे मानण्याचे कारण नाही.

दोषारोपाच्या या शिकवणुकीचा तोटा केवळ मनापुरता राहत नाही, शरीरालाही तो भोगावा लागतो. विश्वास पुरेसा असेल तर औषधाची गरज नाही, असे एकदा ठरले की औषध घेणे हीच अविश्वासाची कबुली होऊन बसते. मधुमेहाची इन्सुलिन किंवा क्षयाच्या गोळ्या प्रार्थनासभेनंतर बंद करणाऱ्या माणसाला बरे वाटले नाही, तर दोष पुन्हा त्याच्याच विश्वासाचा. उपचाराला असा अडसर घालणे कोणत्याही एका धर्माची मक्तेदारी नाही. महाराष्ट्राच्या २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्याने साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्या माणसाला वैद्यकीय उपचारांपासून रोखून मंत्रतंत्र करणे हा गुन्हा ठरविला आहे, तो सर्वांनाच लागू आहे. कोकणात लाल विंचवाच्या दंशाने शेकडा चाळीसच्या घरात रुग्ण दगावत असत. महाडला ठाण मांडून डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिन या औषधाचा उपयोग सिद्ध केला आणि हे प्रमाण शेकडा एकाच्या आसपास आले. विंचवाने दंश केलेल्या लेकरासाठी आजवर किती आयांनी देवाला हाका मारल्या असतील! त्या हाकांना उत्तर मिळाले असेल, तर ते एका ग्रामीण डॉक्टरच्या चिकाटीतून मिळाले, असे श्रद्धावंताने खुशाल म्हणावे. उत्तराची ही वाट मात्र त्याने बंद करू नये.

प्रार्थनेची मोजदाद करण्याचा प्रयत्नही झालेला आहे. अमेरिकेतील सहा रुग्णालयांत हृदयाची बायपास शस्त्रक्रिया झालेल्या १,८०२ रुग्णांवर केलेल्या पाहणीचे निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध झाले. ज्यांच्यासाठी प्रार्थना झाली आणि ज्यांच्यासाठी झाली नाही, अशा दोन्ही गटांना, आपण कोणत्या गटात आहोत हे सांगितलेले नव्हते. त्यांच्यात गुंतागुंतीचे प्रमाण शेकडा ५२ आणि ५१, म्हणजे जवळजवळ सारखेच निघाले. आपल्यासाठी प्रार्थना होत आहे हे ज्यांना निश्चित सांगितले होते, त्यांच्यात ते शेकडा ५९ होते. या वाढीचे कारण काय, याविषयी केवळ तर्क झाले. तथापि बटण दाबले की दिवा लागावा तशी प्रार्थना चालत नाही, एवढे तरी यावरून घ्यावे. ख्रिस्ती शास्त्रानेही ती तशी चालते असे म्हटलेले नाही. उलट देवाची परीक्षा पाहू नये असेच त्यात बजावले आहे.

येथे दोन आक्षेप येतात. पहिला धर्मोपदेशकांचा. प्रश्न विचारण्यास मोकळीक दिली तर साध्याभोळ्यांची श्रद्धा ढासळेल, असे त्यांना भय वाटते. या भयात तथ्य नाही असे नाही. कित्येकांची श्रद्धा प्रश्नांनंतर खरोखरच जाते. पण दडपलेला प्रश्न मरत नाही. विशीतला विद्यार्थी तो घेऊन वसतिगृहात जातो, आणि ज्या शास्त्रात ईयोब आहे त्या शास्त्रात आपल्या प्रश्नाला जागा नाही असे समजून ते कायमचे बाजूला ठेवतो. त्याला ईयोब नीट वाचून दाखविलाच गेलेला नसतो. दुसरा आक्षेप बुद्धिवाद्यांचा. उत्तर येत नसेल तर ऐकणारा कोणी नाही हे मान्य करून मोकळे व्हावे, असे ते म्हणतात. तो निष्कर्ष काढण्याचा हक्क प्रत्येकाला आहे आणि प्रामाणिकपणे काढलेल्या निष्कर्षाचा आदरच करावयास हवा. परंतु ज्याने मूल पुरले आहे आणि तरीही जो प्रार्थना सोडीत नाही, त्याला बुद्धी नाही असे समजणे हाही दोषारोपच झाला. एकाने विश्वास कमी म्हणून दोष द्यावा आणि दुसऱ्याने विश्वास आहे म्हणून, तर त्या माणसाने कोणाच्या दारी बसावे?

चर्चला आणि समाजाला करता येण्याजोग्या गोष्टी अवघड नाहीत. अंत्यविधीच्या उपासनेत आशेच्या वचनांबरोबर विलापाची स्तोत्रेही वाचली जावीत. प्रार्थनासभांत बरे झालेल्यांच्या साक्षी होतात, तशी बरे न झालेल्यांनाही बोलण्याची संधी मिळावी. शास्त्राभ्यासाच्या वर्गात शंका विचारणाऱ्या मुलाला गप्प बसविण्याऐवजी रमाबाईंची पत्रे त्याच्या हाती द्यावीत. पाळकांच्या शिक्षणात आजार, मनोविकार आणि शोक यांचे प्राथमिक ज्ञान असावे आणि कोणत्या प्रसंगी डॉक्टरकडे धाडावयाचे हे त्यांना पक्के ठाऊक असावे. औषध थांबविण्याचा सल्ला व्यासपीठावरून कधीही दिला जाऊ नये. दिला गेल्यास तेथल्या तेथे हरकत घेणे हे सभेतील जाणत्यांचे कर्तव्य आहे.

ईयोबाच्या पुस्तकात त्याचे तीन मित्र दुरून त्याला भेटावयास येतात. त्याची दशा पाहून ते सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहतात. कोणी एक शब्दही बोलत नाही. त्यांच्या हातून घडलेले सर्वांत चांगले कृत्य हेच. पुढे त्यांनी तोंड उघडले, ईयोबाच्या दुःखाचे कारण त्याच्या पापात शोधले, धर्मशास्त्राचे आधार देत दीर्घ भाषणे केली. पुस्तकाच्या अखेरीस देव त्या मित्रांवर रागावतो आणि आपल्याविषयी योग्य बोलला तो ईयोबच, असे सांगतो. देवाला जाब विचारणारा निर्दोष ठरतो आणि देवाची वकिली करणारे दोषी ठरतात. हा निवाडा ज्या ग्रंथात आहे, त्याच्या वाचकांनी शोकाच्या घरी जाताना तो ध्यानात ठेवावा. तेथे शक्य झाल्यास सात दिवस बसावे, निदान सात घटका तरी बसावे. आणि घरातल्या माणसाने देवापुढे गाऱ्हाणे घातलेच, तर ते मध्येच न तोडता शेवटपर्यंत ऐकावे.